कापूसबाई

आमच्या कोंबड्या माझ्या कधी हाती लागायच्या नाहीत, पण कापूसबाईच्या मांडीवर गुमान बसायच्या. ती चोच उघडून घशात कापसाची काडी फिरवायची, काडी नळीत घालून नळी बर्फाच्या डब्यात ठेवायची. कोंबडीला पत्ताही नसायचा. सरकारी नोकरीतली बाई, मूळची हरमलची. दर महिन्याला स्कूटरवरून आमच्या नार्व्यात यायची आणि माणसांआधी कोंबड्यांची खुशाली विचारायची.

कुठल्या गावात कुठला रोग फिरतोय, एकाच रोगाचे किती वाण आहेत, हे त्या काड्यांवरून दूरच्या प्रयोगशाळेत कळतं म्हणे. सासूबाई हसायच्या. त्यांना ती दरवेळी बजावायची, "मेल्यार माका बोलवन काय करतलंस गे काकी? मान घातली काय लगेच बोलव. लपवू नको."

नाही लपवलं. तिथेच फसलो! तांबडीने मान टाकली त्याच सकाळी मी फोन केला. नदीच्या वरच्या अंगाला पोल्ट्री फार्म होतं, तिथे त्याआधीच कोंबड्या पटापट मरत होत्या. पण त्या फार्मवाल्याने बाईला फाटक उघडलं नाही. मेलेल्या गोणीत भरून नदीत सोडल्या, जिवंत होत्या त्या टेम्पोत घालून विकल्या. बर्ड फ्लू निघाला तो आमच्या नावावर. पांढरे झगे घातलेली माणसं आली आणि वाड्यावरच्या घराघरातली एकूण एक कोंबडी मारून गेली.

गावच्या राखणदार देवाला नवसाने बोललेला कोंबडा तेवढा फणसावर चढून बसला. सासूबाई हात जोडत होत्या, "देवाचो तो, तेका सोडा." कुणाच्या हाती लागेना. शेवटी कापूसबाईने खाली बसून मांडी थोपटली, आणि तो मेला आपणहून उतरून तिच्याकडे गेला! तिनेच तो झगेवाल्यांच्या हातात दिला. तिचं तोंड झाकलेलं होतं. रडली असेल तर मला दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी तेव्हा मला दया आली नसती.

काठाला लागलेल्या गोणीतल्या कोंबडीचीही तिने काडी घेतली होती. बऱ्याच दिवसांनी त्याचं उत्तर आलं, तशी धावत आली. "काकी, रोग तुमचो नाय. फार्मातसून इलो. दोनय काड्यांत एकच वाण."

सासूबाईंनी मानसुद्धा वर केली नाही. "मगे माझो कोंबो माका परत हाडून दी."

बाई तशीच गेली. आम्ही पाणीही विचारलं नाही. फार्मवाल्याला कुणी काही केलं नाही, बदली झाली ती हिची.

माणूस सोन्यासारखं होतं, आजही सांगते. पण परवा माझ्या एका कोंबडीने मान टाकली. फोन हातातच होता. तो ठेवला आणि सुरी घेतली. दुपारी तिची शागोती शिजवली, पिसं नदीत सोडून दिली.