दिगूचा राहिलेला भाग

हॉस्पिटलात दिगूला भेटलो ती आमची शेवटची भेट. नाकात नळी, आवाज पार बसलेला, आणि पठ्ठ्यानं विचारलं काय, तर "आली का रे परत?" मी म्हटलं, नाही. "बघत राहा," म्हणाला... त्याच आठवड्यात तो गेला.

विचारत होता ते एका माहितीपट मालिकेबद्दल, दुसऱ्या महायुद्धातल्या ज्यूंच्या हत्याकांडावरच्या. दिगूनं आणि मी एकाच कारखान्यात आयुष्य काढलं. निवृत्तीनंतर तो बोरीवलीला, मी मुलुंडला. रविवारी आपापल्या घरी एकेक भाग बघायचा आणि सोमवारी फोनवर भांडायचं, असं ठरलेलं. माझी बायको वैतागायची, "म्हातारपणी हे कसलं बघता? देवाधर्माचं बघा काहीतरी." दिगू मात्र त्यात पुरता गुंतला होता. त्यात एक आजी होती. छावणीच्या फलाटावर धाकट्या बहिणीचा हात सुटला, ते ती प्रत्येक भागात थोडं थोडं सांगायची. बहिणीचं पुढे काय झालं, ते शेवटच्या भागात येणार होतं.

आणि नेमकी तेव्हाच अ‍ॅपवरून मालिका गायब! दिगूनं कस्टमर केअरला फोन लावला. मुलगी गोड आवाजात म्हणाली, "हक्क संपलेत सर, कॉमेडी बघा ना, छान छान आहेत." "अगं बाई, मी काय टाइमपास करतोय?" हा खेकसला, मग तिचा काय दोष म्हणून स्वतःच सॉरी म्हणाला. मी नेटवर शोधून शेवट सांगतो म्हटलं, तर माझ्यावर उखडला. "तू नको सांगू. तिला सांगू दे ना. एवढी वर्षं गप्प होती ती, यार!" त्यानंतर त्याचं दुखणं निघालं आणि सगळंच राहिलं.

गेल्या आठवड्यात मालिका दुसऱ्या अ‍ॅपवर आली. मला रागच आला. जरा आधी यायला काय धाड भरली होती? त्याच्या बायकोला, सुनंदावहिनींना, फोन केला. "इथेच या भावोजी, दोघं बघू," म्हणाल्या. दुपारी त्याच्या टीव्हीसमोर बसलो. आजीनं सांगितलं, बहीण सापडली नाही. कुठे नेलं, कुठे टाकलं, काही कळलं नाही. फूल ठेवायला जागासुद्धा नाही. वहिनी रडल्या. मीही.

भाग संपला तशा वहिनी उठल्या आणि पाण्याची बादली दाराबाहेर ठेवून आल्या. "चला भावोजी, पाय धुवा." मला कळेना. "हे दर रविवारी धुवायचे," त्या म्हणाल्या, "स्मशानातून आल्यावर धुतात ना, तसे. मी चिडायचे, शेजारीपाजारी काय म्हणतील! तर म्हणायचे, अगं, एवढी माणसं गेली, पोचवायला कोणी नव्हतं त्यांना. आपण निदान बघून तरी आलो."

सोमवारच्या एकाही फोनवर त्यानं मला हे सांगितलं नव्हतं. मी पाय धुतले, वहिनींनीही धुतले. मग त्यांनी आणखी एक तांब्या भरला आणि उंबऱ्याबाहेर सावकाश ओतला.

"हा यांचा," म्हणाल्या. "भाग झाला ना बघून आता."