मावशींनी टेबलाला हात लावला

आमच्या रेडिओ केंद्राला तीस वर्षं झाली, इतिहास लिहा, म्हणून मालक मागे लागलेत. लिहितो. पण त्यात मालकांची आरती ओवाळलेली मिळणार नाही. रॉक संगीत वाजवणारं हे केंद्र आज चालू आहे ते झाडलोट करणाऱ्या मावशींमुळे.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. आमचा धिंगाणा शेजारी जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. संडास मात्र तळमजल्यावर, हे लक्षात ठेवा.

मावशी सकाळी दहाला यायच्या. रॉक त्यांना मुळीच आवडायचं नाही. "भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं वाटतं," म्हणायच्या. मी इथला निवेदक. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या फडक्याने माझ्या टेबलावरच्या रेकॉर्डवरची सुई घसरली आणि सगळ्या गावाने खर्रर्र ऐकलं. मी पिसाळलो. "या टेबलाला पुन्हा हात लावायचा नाही! समजलं?" माझं तोंड तसं फटकळच. मावशी "बरं" म्हणाल्या आणि पुढची नऊ वर्षं त्यांनी टेबलाला बोटही लावलं नाही. टेबल मी पुसायचो, म्हणजे कुणीच पुसत नव्हतं.

आमचं प्रक्षेपणाचं यंत्र भारी नखरेल. मिनिटभर आवाज मिळाला नाही की आपोआप बंद पडायचं, सुरू व्हायला तास लागायचा. बंद पडण्याआधी भिंतीवरचा तांबडा दिवा लुकलुकायचा, एवढीच काय ती सूचना. नवव्या वर्षी असं दोनदा झालं आणि परवाना कार्यालयाचं पत्र आलं: तिसऱ्यांदा बंद पडलात तर परवाना रद्द. पत्र वाचून मालक दोन दिवस जेवले नाहीत.

आणि एका सकाळी माझं पोट बिघडलं. मी एकोणीस मिनिटांचं एक गाणं लावलं, गावातल्याच एका बँडचं, आणि खाली पळालो. बसलो मात्र, आणि आठवलं. त्या गाण्यात तिसऱ्याच मिनिटाला त्या दीडशहाण्यांनी सव्वा मिनिट नुसती शांतता ठेवली होती. कला म्हणे! एरवी तेवढ्यात मी माइकचं बटण दाबून काहीबाही बोलून वेळ मारून न्यायचो. आज खुर्ची रिकामी होती.

विजार सावरत बाहेर आलो तर सायकलवाल्याचा रेडिओ गप्प. जिने कसे चढलो ते माझं मला माहीत. संपलं सगळं, हेच डोक्यात.

दारातून पाहिलं. तांबडा दिवा लुकलुकत होता आणि मावशी माइकपाशी उभ्या होत्या. एका हाताने बटण दाबून धरलेलं. दुसऱ्या हातात ओलं फडकं, टेबलावर थेंब पडू नये म्हणून लांब धरलेलं.

"मी इथली झाडणारी बोलतेय," त्या सांगत होत्या. "गाणं संपलेलं नाही हं. आमचे साहेब जरा खाली गेलेत, येतीलच. आता एकदम मोठा दणका होईल. घरात लहान मूल झोपलं असेल तर आवाज कमी करा."

तांबडा दिवा विझला. मग दणका झाला.

मावशींनी बटण सोडलं आणि मला पाहून त्या चरकल्याच. "टेबलाला हात लावला हो मी."

 मी विचारलं, "गाणं संपलं नाही हे तुम्हाला कसं कळलं?"

"त्यात काय कळायचंय? ते गप्प बसले की मी फडकं पिळते. पिळून होतंय तोवर पुन्हा सुरू होतात."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर म्हणाल्या, "आधी हात धुऊन या."

रोजचं प्रसारण आम्ही टेपवर धरून ठेवायचो. त्यातलं मावशींचं ते बोलणं कापून घेतलं आणि तेव्हापासून रोज सकाळी दहाला लावतो. मावशी जाऊन सहा वर्षं झाली, तरी लावतो. त्यांचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.

परवा त्यांची लेक भेटली, कडेवर तान्हं बाळ. म्हटलं, "आमचं केंद्र ऐकतेस का?"

"छे हो! तुमचा तो गोंगाट कोण ऐकणार?" ती म्हणाली. "फक्त दहाला लावते. आई 'आवाज कमी करा' म्हणते ना, तेवढ्यापुरता मोठा करते. हा झोपला असला तरी."