अर्धा ग्लास

आमच्या चऱ्होलीच्या सोसायटीत येणारा प्लंबर लातूरचा आहे. नळ खोलण्याआधी तो खाली बादली ठेवतो आणि साचलेलं पाणी जाताना कुंड्यांना घालून जातो. आईनं प्यायला पाणी दिलं की म्हणतो, "अर्धाच ग्लास द्या मावशी, लागलं तर परत मागतो. आमच्याकडं नळाची वाट बघत लेकरं झोपून जायची बगा."

मी आमच्या घराण्यातला पहिला इंजिनियर. पदवीचा फोटो आईनं दारासमोरच लावलाय, आल्यागेल्याला दाखवते. मागच्या उन्हाळ्यात टँकर सुरू झाले, तेव्हा गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडूया, असं मी मीटिंगमध्ये पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं. लोक मोबाइल बघत बसले. मागं मोटर दुरुस्त करत असलेला हा प्लंबर उठून उभा राहिला. "लातुरात आमी हेच केलं. आधी केलं असतं तर मला गाव सोडावं लागलं नसतं." एवढंच बोलला आणि सगळे हात वर झाले.

यंदा बोअरला पाणी आहे. महाळुंग्याच्या एका सोसायटीची माणसं ते बघायला आली, तर त्यानं मलाच पुढं केलं. "सरांचं डोकं हाय हे." स्वतःचं म्हणाला असता, तर निदान भांडता तरी आलं असतं.

काल कामावरून आलो आणि पाणी मागितलं. आईनं अर्धाच ग्लास पुढं केला.

"लागलं तर परत माग की," ती म्हणाली.

तहान होती, पण मी परत मागितलं नाही.