राखीव रानातले दोन दगड

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की टर उडवण्यात मी सगळ्यांच्या पुढं. अंगारे, धुपारे — सगळं थोतांड, असं आजही म्हणतो. पण माझ्या धाकट्या भावाचं, मल्लूचं काय झालं, ते मात्र मला सांगता येत नाही...

तीस सालच्या आसपासची गोष्ट. अक्कलकोटच्या खाली भीमेच्या खोऱ्यात राखीव रान होतं. तिथं शिकारीला बंदी, तोडीला बंदी. पाण्यानं कोरलेल्या चुनखडीच्या पांढऱ्या दरडी बघायला आम्ही दोघं बैलगाडीनं गेलो.

रानाच्या तोंडाशी धनगरांचा कट्टा होता. आत जाणाऱ्यानं त्यावर एक दगड ठेवायचा, बाहेर येताना आपला आपण उचलायचा. दुसऱ्याच्या दगडाला कुणी हात लावत नाही. मी हसत हसत ठेवला. मल्लूनं हौसेनं आपल्या दगडावर चाकूनं 'म' कोरला.

आत एका वळणावर तो माझ्या जरासा पुढं होता. मी वळलो तर समोर उभी दरड, वाट संपलेली — आणि मल्लू नाही! हाका मारून घसा बसला. शेवटी माणसं आणायला बाहेर धावलो. कट्ट्यावर माझा दगड होता, त्याचा नव्हता.

तिथं सकाळपासून बसलेला म्हातारा धनगर म्हणाला, "मानूस दिसला न्हाय. पर दगुड गेलाय न्हवं? मंजी भाईर आलाय की. आत कुनाला हुडकायचं?"

झालं. जमलेल्या गावकऱ्यांतला एकही जण आत यायला तयार होईना. सगळे गावागावांतून शोधत सुटले, आत मी एकटाच.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. अव्वा, म्हणजे आमची आई, निवांत भाकरी थापत होती. म्हणाली, "मल्लू कालच आला की. पानी पिला, दगुड देवळीत ठिवला. तुला आनतो म्हनला आन् गेला परत."

भिंतीतल्या देवळीत 'म' कोरलेला दगड होता.

पुढं फॉरेस्टचा गार्ड घेऊन सगळं रान पालथं घातलं. मल्लूची चप्पलसुद्धा सापडली नाही. दगड घरी कसा आला, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. भाऊ परत येणार नाही, एवढं कळतं. माझा दगड मात्र मी उचलला नाही... उचलला असता तर मल्लूला आत टाकून आल्यासारखं वाटलं असतं.

पुढं अव्वानं अंथरूण धरलं. मी उशाशी बसलेलो असायचो, ती दाराकडं बघत राहायची. जायच्या आधी माझा हात हातात धरून तिनं मलाच विचारलं, "मल्लू तर आला. थोरला कवा येतोय?"