खंजिरीचा हात

हृदयाची तपासणी उजव्या मनगटातून करणार, हे ऐकल्यावर मला आजारापेक्षा हाताचीच काळजी जास्त लागली. तेव्हा आमच्याकडे ही पद्धत नवीच होती. आर्वीत माझं किराणा दुकान, पण लोक मला ओळखतात ते भजन मंडळातल्या खंजिरीमुळे. डाव्या हातात खंजिरी धरायची आणि उजव्याने थाप द्यायची. उजवा हात गेला तर देवापुढे बसायचं तरी कशाला, असं मला खरंच वाटत होतं. वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टर समजावत होते, मी मान डोलावत होतो आणि मनात देवाशी घासाघीस चालली होती. छातीचं तू बघ, हात मात्र माझा राहू दे.

टेबलावर घेतलं तेव्हा मी पूर्ण जागा होतो. नळी मनगटातून कोपरापर्यंत गेली आणि अडली. नस तिथे गोल फिरून वर गेली आहे, जन्मापासूनच, असं डॉक्टर म्हणाले. दुखण्याने आणि भीतीने ती आवळत गेली. औषध सोडलं, तरी नळी पुढे जाईना की मागे येईना. "हात सैल सोडा," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मला काही केल्या ते जमेना.

उशाशी सेलूकडची एक सिस्टर उभी होती. ती वाकून म्हणाली, "काकाजी, बोटं काऊन हालवून राह्यले?"

तेव्हा कुठे मला कळलं, मी त्याच हाताने चादरीवर थाप देत होतो. "मनात भजन चालू हाये," मी म्हणालो. "ठेक्याबिगर मले जमत नाई."

"मंग आज भजन माह्याकडं. तुमी निसते आयका."

तिने हळू आवाजात सुरुवात केली. आवाज गोड होता, पण तालाशी तिचं जुनं वैर असावं. माझ्या बोटांनी थोडा वेळ तिच्यामागे धावून पाहिलं, मग नाद सोडला. हात तसाच पडून राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी थाप न देता भजन ऐकत होतो, आणि मला रडू आलं. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "निघाली." पुढचं काम त्यांनी डाव्या मनगटातून केलं आणि हृदयाची बुजलेली नस उघडली.

औषधाचा गुण किती आणि कृपा किती, हे मला सांगता येणार नाही. त्या सिस्टरचे आभार मानायचे राहून गेले, ती पुन्हा दिसली नाही. ज्या हाताचा मला एवढा अभिमान, त्याच्या आत काय आहे हे मला कधी ठाऊकच नव्हतं. ज्याने तो घडवला, त्याला होतं. त्याच्याशी मी उगाच घासाघीस करत बसलो होतो.

हात पहिल्यासारखा झाला, मी पुन्हा वाजवतो. मात्र पहिलं भजन खंजिरी मांडीवर ठेवून बसतो. नवीन कोणी आलं की विचारतं, "काऊन जी, हात दुखते का?"

"नाई," मी म्हणतो, "आयकून राह्यलो."