वेडी कुठली!
२०१६ साली मी तलासरीजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स होते. आठवा महिना लागलेली एक मुलगी आईबरोबर आली. रक्तदाब फार चढला होता.

"दोन दिवस डोकं दुखतंय आणि आज सांगतेस? वेडी कुठली!" मी मायेनंच म्हणाले.

आईनं लेकीला हाताला धरून उठवलं. "चल घरी. माझ्या बहिणीला वेडी म्हणूनच सासरच्यांनी हाकललं."

एवढ्या रक्तदाबात वाटेत झटके आले तर? मी दारात उभी राहिले. "मावशी, माझी आई मलाही असंच म्हणायची, काळजीपोटी. पण चुकलं माझं. हिला डहाणूच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं."

आईनं लेकीला परत खाली बसवलं. मग म्हणाली, "गाडी बोलाव."

डहाणूला बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. मी मात्र तो शब्द पुन्हा कुठल्याच पेशंटला म्हटला नाही.