गावाच्या मालकीची छाती

माणसाचं पोट ज्याचं त्याचं असतं, डोकंसुद्धा बहुतेकांचं स्वतःचंच असतं. पण बेलखारच्या अनंताची छाती मात्र चांगली चार-पाच वर्षं गावाच्या मालकीची होती. एकोणीसशे अठ्ठावीसच्या सुमाराला ती गावाकडे गेली. त्याआधी ती त्याची एकट्याची होती, आणि तेव्हा तिला कुणी विचारत नव्हतं.

बेलखार हे पेणच्या खारेपाटातलं गाव. तीन अंगांनी खाडी, आणि खाडीचं पाणी अडवायला मातीचा लांबलचक बांध. बांधाच्या आत भातशेती, बाहेर मिठागरं. उधाणाच्या भरतीला बांध फुटून भगदाड पडलं की त्याला ‘खांड गेली’ म्हणायचं, आणि एकदा खांड गेली की खारं पाणी शेतात शिरून पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. म्हणून गावात देवाच्या खालोखाल मान बांधाचा. हाळी आली की घरटी एक माणूस टोपली-फावडं घेऊन बांधावर धावलाच पाहिजे, अशी रीत. जो धावला नाही त्याच्या चुलीसाठी कुणी विस्तवसुद्धा देत नसे.

अनंता तेव्हा विशीतला गडी. मीठ वाहून खांदे भरलेले, आवाज मोठा, जेवण त्याहून मोठं. एका दुपारी मिठागरात मीठ ओढता ओढता त्याची छाती एकाएकी धडधडायला लागली. तो पळाला नव्हता, कुणाला भ्याला नव्हता, कुणाशी भांडलाही नव्हता. डाव्या अंगाला कळ आली, दरदरून घाम सुटला आणि तो मटकन खाली बसला. थोड्या वेळाने सगळं आपोआप थांबलं. पुढे ते अधूनमधून व्हायला लागलं, तेही नेमकं निवांत बसलेलं असताना. आपण आता फार दिवस काढत नाही, असं अनंताने मनाशी धरलं. मरणाची त्याला भीती वाटायची, आणि ती सांगायची लाजही वाटायची.

उपचार झाले नाहीत असं म्हणता येणार नाही. त्याची आई तुळशी म्हणाली, “वारा धरलाय, बाला,” आणि तिने तापलेल्या विटेचा शेक देऊन छातीवर फोड आणला. नामा भगताने वाटेवरच्या आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, लागल्याचं सांगून एक कोंबडा मागितला. कोंबडा त्याला पचला, अनंताला काही गुण आला नाही, तेव्हा भगताने आसरा एक नसून बऱ्याच असल्याचा शोध लावला आणि आणखी कोंबडे मागितले. पेणच्या वैद्याने नाडी धरून पित्त सांगितलं. बरोबरीच्या पोरांचं निदान सगळ्यांत सोपं होतं. “मीठ उचलाची वेल आली की याची छाती बरी धरधरते!” असं म्हणून ती हसायची. कळ अनंता सोसायचा, पण हे हसणं त्याला सोसवत नसे.

मग आली श्रावणातली अमावास्या. उधाणाचा दिवस. भर दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या अनंताला जोराचा झटका आला आणि या वेळी न राहवून तो ओरडला, “मेलो! मेलो रं!” नाटक बघायला कोण येत नाही? अर्धं गाव ओट्यापुढे जमलं. कुणी हसत होतं, कुणी कांदा हुंगवत होतं. तेवढ्यात बांधावरून हाळी आली, “खांड गेली!” गाव जमलेलंच होतं, तसंच टोपल्या घेऊन धावलं आणि भगदाड मोठं व्हायच्या आत त्यांनी ते बुजवलं. एवढ्या लवकर खांड बुजल्याचं कुणाला आठवत नव्हतं. 

आता लवकर का बुजली, तर माणसं आधीच एका जागी जमली होती म्हणून. हे कुणाच्याही ध्यानात येण्यासारखं होतं, म्हणूनच बहुधा कुणाच्या ध्यानात आलं नाही. येसाजी म्हणजे बांधाचा पंच. बांधाची राखण, कुणी कुठे माती टाकायची, कोण आला नि कोण नाही, सगळं त्याच्या तोंडी. त्याने चिखलाच्या हातानेच मिशी पुसली आणि निकाल दिला, “पोराच्या छातीनी आधी सांगितलं. खाडीचा न् याच्या छातीचा काय तरी लागाबांधा हाय.”

झालं! त्या संध्याकाळपासून अनंताची छाती गावकीत जमा झाली. काल जे कामचोर म्हणत होते, त्यांनी आज त्याला मीठ उचलू दिलं नाही. छातीला धक्का लागला तर? जाळ्यात आलेला पहिला जिताडा त्याच्या घरी यायला लागला. होळीला त्याला येसाजीच्या शेजारी बसायला जागा मिळाली. उधाणाच्या दिवसांत येसाजी सकाळ-संध्याकाळ येऊन त्याच्या छातीला कान लावायचा आणि बाहेर थांबलेल्या लोकांना मोठ्याने सांगायचा, “थंड हाय. जा, जेवा.” पलीकडच्या गावाने उधाणापुरता अनंता उसना मागितला, तेव्हा येसाजीने छाती न्यायची तर तुमची माणसंही आमच्या बांधावर आली पाहिजेत, अशी अट घातली. बोलणी तिथेच मोडली. तुळशी तर इतकी फुगली होती, की विहिरीवर तिच्या आधी कुणी घागर सोडत नसे.

छाती धडधडली आणि बांध फुटला नाही, असं पुष्कळदा व्हायचं. खरं तर बहुतेक वेळा तसंच व्हायचं. पण येसाजीकडे त्याचंही उत्तर होतं. आपण वेळेवर गेलो, म्हणून फुटला नाही! दर वेळी गाव जायचं, खेकड्यांची बिळं बुजवायचं, दोन-दोन टोपल्या माती टाकून परत यायचं. बांध इतका धडधाकट कधीच नव्हता. त्याचं सारं पुण्य छातीच्या नावावर जमा होत होतं. पुढे पुढे येसाजीने शास्त्र आणखी वाढवलं. कळ डावीकडे आली तर मिठागराच्या अंगाला धोका, उजवीकडे आली तर उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायचं दार आहे त्या अंगाला. म्हणून झटका आला की सगळे आधी विचारायचे, “कुठं दुखतं रं? डावीकं का उजवीकं?” अनंताने हात दाखवला की त्या दिशेला गाव पसार. 

आणि मग ओट्यावर अनंता एकटा उरायचा. घाम निथळतोय, छातीत धडधड चाललीय, आणि पाण्याचा तांब्या द्यायला घरात माणूस नाही, कारण आईसुद्धा टोपली घेऊन धावलेली. त्याला वाटायचं, मी इथेच मेलो तर हे लोक परत येऊन आधी विचारतील, कुठल्या अंगाला कळ आली होती? हसणारे होते तेव्हा निदान कुणीतरी जवळ उभं तरी होतं.

शेवटी एक दिवस कुणाला न सांगता तो मिठाच्या मचव्यात बसून मुंबईला गेला. तिथल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी नळी लावून, पाठीवर बोटं वाजवून, जीभ बघून त्याला पुरता तपासला.

“हृदय ठणठणीत आहे,” डॉक्टर म्हणाले.

“मग धरधरतं कशाला, सायब?”

“ते आम्हालाही कळत नाही. पण याने तू मरणार नाहीस.”

अनंताला हायसं वाटलं आणि थोडा रागही आला. एवढी कळ, एवढा घाम, आणि त्याला धड नावसुद्धा नाही! पण डॉक्टरांनी एक बाटली दिली, चहा-तंबाखू कमी करायला सांगितलं, आणि औषधाने झटके कमी होतील अशी आशा दाखवली. बाटली पोटाशी धरून अनंता परतला. कुणीतरी आपल्या छातीला छाती समजून कान लावला, याचंच त्याला अप्रूप वाटत होतं.

गावात पाऊल टाकताच बाटलीची बातमी पसरली आणि देवळात गाव बसलं. येसाजी गंभीर होता. “औषद लागू परलं तर बांधाचं काय?” त्याने विचारलं, आणि सगळ्या माना हलल्या. अनंता म्हणाला, “बाबा, मना बरा व्हाचा हाय.” त्यावर येसाजी समजुतीच्या सुरात म्हणाला, “तुना बरा व्हाला कोन नको म्हनतं? पन गावाचा इचार कराला नको?” बराच खल होऊन तोड निघाली. अष्टमीच्या आसपास भरती मंद असते, तिला भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत अनंताने औषध घ्यावं. अमावास्या-पौर्णिमेला, म्हणजे उधाणात, घेऊ नये. तेवढे दिवस बाटली येसाजीच्या घरी राहील. हा न्याय सगळ्यांना पसंत पडला. अनंतालासुद्धा मान हलवावी लागली.

याच सुमारास त्याचं लग्न झालं. उरणकडची मैना. तिच्या बापाला जावई खाडीचं मन ओळखतो म्हणून केवढा अभिमान! हळदीचा दिवस नेमका उधाणात आला, तर छातीचा अंदाज चुकेल म्हणून येसाजीने वाजंत्री बंद ठेवली. बेलखारात ढोलाशिवाय लागलेली ती एकच हळद. मैना घरात आली तशी सासूने तिला शिकवून ठेवलं, “याची छाती धरधरली की पयली हाक मार, मंग टोपली घे.” मैनाने मान डोलावली. नवी सून दुसरं काय करणार?

पुढच्या पावसाळ्यात घात झाला. भांगाचे दिवस, पाणी मंद, अनंताची छाती एकदम शांत, आणि बांध आतून खेकड्यांनी पोखरलेला होता तिथे भुसकन बसला. कुणी बघायला गेलंच नव्हतं. छाती बोलली नाही तर जायचं कशाला? उघाडीकडची बरीच शेतं खारी झाली. कुणीही म्हणावं, की आता तरी यांचे डोळे उघडले असतील. उघडले, पण ते बाटलीकडे वळले. “औषदानी छाती बधिर केली!” असा एकच ओरडा झाला, आणि येसाजीने स्वतःच्या हाताने बाटली खाडीत भिरकावली. अनंता काठावर उभा राहून बघत राहिला. लोक त्याच्याकडे असे बघत होते, की जणू खांड त्यानेच पाडली. त्या रात्री तो जेवला नाही.

त्यानंतर झटके वाढले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मरणार नाहीस. पण डॉक्टर मुंबईत होते आणि कळ छातीत होती. भादव्यातल्या पौर्णिमेला दुपारी तो मेढीच्या खांबाला टेकून बसला होता. मैना तांदूळ पाखडत होती. एकाएकी त्याचा हात छातीवर गेला. त्याने तोंडातून आवाज काढला नाही, पण तुळशीने पाहिलं आणि अंगणातूनच हाळी दिली. बघता बघता गाव लोटलं. “डावीकं का उजवीकं?” अनंताला बोलवेना. “आरं, दोन्हीकं जा!” कुणीतरी ओरडलं, आणि पावलांचा आवाज बांधाकडे गेला. सगळ्यांत पुढे तुळशी.

मैनानेही टोपली उचलली. ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथे वळून तिने बघितलं. अनंता घामाने भिजला होता, ओठ पांढरे पडले होते. तिने टोपली खाली ठेवली, माठातलं पाणी आणून त्याच्या तोंडाला लावलं, पदराने त्याचं कपाळ पुसलं.

“कुठं दुखतं?” तिने विचारलं.

“उघारीच्या अंगाला,” अनंता पुटपुटला.

मैना त्याचा हात हातात घेऊन म्हणाली, “बांधाचा नाय इचारत मी. तुमचा इचारते.”

अनंताने हात डावीकडे नेला, मग मधे आणला, मग पुन्हा डावीकडे. इतकी वर्षं दिशा सांगून सांगून त्याला जागाच सापडत नव्हती. आणि मग हा भरल्या खांद्यांचा गडी बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडायला लागला. मैनाने त्याला रडू दिलं.

दारात सावली पडली. चिखलाने भरलेला येसाजी धापा टाकत उभा होता. “या घरची सून बांधावर नाय आली! काय समजाचा गावानी?”

मैना उठली नाही. डोक्यावरचा पदर मात्र तिने सारखा केला. “बाबा, बांधाला सगला गाव हाय,” ती म्हणाली. “यांना मी एकली हाय.”

येसाजी गोंधळला. पंच म्हणून त्याने हजार भांडणं तोडली होती, पण असलं भांडण त्याच्यापुढे कधी आलं नव्हतं. मग आवाज खाली आणून, खरोखरच काळजीने त्याने विचारलं, “पन अनंता, फुटंल का रं आज?”

अनंताने डोकं उचललं. छाती अजून धडधडत होती, कळ अजून तिथेच होती.

“मना काय म्हायती, बाबा?” तो म्हणाला. “मना नुसता दुखतं.”